टाकलं तरी बाही सोडायची नाही

आधीच सांगते, माझं अंग अजून ठणकतंय, तरी परवापासून मी जमिनीवर नाहीच! गोष्ट माझ्या वहिनीची. थोरल्या भावाची बायको, वय एक्केचाळीस, लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम. दिवसभर शर्टांच्या कॉलरी सरळ करायच्या आणि संध्याकाळी माणसांच्या कॉलरी धरून त्यांना आडवं करायचं. ज्युदो हो! टायरच्या गोदामावरच्या खोलीत सरांचा वर्ग आहे, तिथे ती अकरा वर्षं जाते.

सर सत्तरीला टेकलेले. उजवा गुडघा कामातून गेलेला, तोंड मात्र शाबूत. त्यांचा एकच हेका. समोरच्याला फेकताना त्याची बाही शेवटपर्यंत धरून ठेवायची, म्हणजे तो पाठीवर पडतो, डोकं आपटत नाही. "टाकलं तरी बाही सोडायची नाही!" दिवसातून पन्नास वेळा. मला तर त्या वाक्याचा वीट आला होता.

मग समोरच्याच रस्त्यावर नवा क्लब निघाला. भिंतभर आरसे, आत गारेगार. सरांची पोरं एकेक करून तिकडे पळाली. वर्षभरात वर्गात उरलं कोण? एकटी वहिनी! आणि एकटीनं ज्युदो करायचा कसा, कपाळ? फेकायला कुणीतरी लागतंच ना. त्यात यंदा सरांचं एकही माणूस काळ्या पट्ट्याची परीक्षा पास झालं नाही, तर वर्गाची नोंदणीच रद्द होणार होती.

क्लबवाला शर्ट टाकायच्या निमित्तानं लॉन्ड्रीत आला. "बाई, आमच्या नावावर परीक्षेला बसा. जोडीदार आम्ही देतो. पट्टा तुमचाच समजा."

वहिनीनं इस्त्रीसुद्धा खाली ठेवली नाही. "मला सरांनी शिकवलंय, मी सरांच्याच नावावर बसणार. शर्ट गुरुवारी मिळतील."

त्याच संध्याकाळी माझ्याकडे हजर. "वन्सं, माझ्यासाठी पडाल का?"

"मी? वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" माझं वजन ब्याऐंशी किलो, दोन जिने चढले की धाप लागते. पण माझं बाळंतपण हिनंच काढलं होतं. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

आठ महिने पडले हो मी! डावीकडे पडले, उजवीकडे पडले, बटाट्याच्या पोत्यासारखी पडले. सर ओरडायचे, "हनुवटी छातीला! हात आपटा!" शेवटी शेवटी मला पडण्याची इतकी सवय झाली की कॉलरला हात लागला की अंग आपोआप खाली जायचं. आणि तिथेच माती खाल्ली.

परीक्षेच्या दिवशी हॉल खचाखच. सरांची जुनी पोरं क्लबच्या नव्या जाकिटांत रांगेत बसलेली. वहिनीनं माझी कॉलर धरली, अजून पाऊलही टाकलं नव्हतं, आणि मी धप्पकन आडवी! वर शिकवल्याप्रमाणे हातही आपटला.

"अहो बाई," परीक्षकबाई म्हणाल्या, "तुम्हाला अजून कुणी फेकलंच नाही."

हॉल खदखदून हसला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. बाईंनी घड्याळ पाहिलं. "जोडीदार बदला. दोन मिनिटं देते, नाहीतर परीक्षा रद्द."

क्लबवाला टपलेलाच होता. "आमची मुलगी देतो. फक्त फॉर्मवर क्लबचं नाव लिहा."

वहिनीनं फॉर्मकडे पाहिलंसुद्धा नाही. "नको," ती म्हणाली. मला तिला मिठी मारावीशी वाटली आणि स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

तेवढ्यात सर उठले. चष्मा काढून माझ्या हातात दिला. "मी पडतो."

"सर, तुमचा गुडघा!" वहिनीचा चेहरा पांढराफटक.

"गुडघ्यावर कोण पडतंय? पाठीवर पडायचंय. आणि ऐक, हळू टाकलंस तर मी पडणार नाही."

वहिनीनं त्यांची कॉलर आणि बाही धरली, वळली, पण तिचा जीवच होईना. सर खांबासारखे उभे.

"हे काय? कपडे वाळत घालतेस?" ते कडाडले. "माझं शिकवणं खोटं पाडायचंय का तुला?"

आई गं! वहिनी अशी वळली, अशी खाली बसली, आणि सर तिच्या पाठीवरून हवेत! पांढऱ्या पोशाखातले पाय छताकडे! फाट! सरांचा हात गादीवर असा वाजला की खिडक्या हादरल्या. पाठ सपाट, डोकं अलगद वर. आणि बाही वहिनीच्या मुठीत, घट्ट.

परीक्षकबाईंनी काहीतरी लिहिलं. "पास."

मी किंचाळले! क्लबची जाकिटं घातलेली पोरंही उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. वर्ग वाचला होता. वहिनी मात्र सरांशेजारी गुडघे टेकून ढसाढसा रडत होती.

"अगं, पास झालीस," सर खालूनच म्हणाले. "आता तरी सोड."

"तुम्हीच सांगितलंय ना, सोडायची नाही म्हणून."

मग आम्ही दोघींनी मिळून त्यांना उभं केलं. दुसरी बाही मी धरली होती.