ग्लेनिसच्या बंदुकीची स्प्रिंग

इंग्लंडमधल्या हेरफर्डजवळच्या एका खेड्यात दर मंगळवारी पबच्या मागच्या खोलीत हवेच्या दाबावर चालणाऱ्या छर्ऱ्याच्या बंदुकांच्या स्पर्धा चालत. समोर लोखंडी पाटी, पाटीत बोटभर भोक, भोकामागे घंटा. एके काळी ग्लेनिस प्रीस नेम धरायला उभी राहिली की गप्पा थांबत. पुढे नवऱ्याला, रॉयला, अर्धांगवायू झाला आणि तिची बंदूक कपाटात कोटांमागे गेली, ती कित्येक वर्षं तिथेच राहिली.

रॉय गेल्यानंतरच्या हिवाळ्यात संघाचा कप्तान नॉरिस दारात आला. एक माणूस कमी पडतोय, म्हणाला. ग्लेनिसने हो म्हटलं आणि बंदूक बाहेर काढली. बार भरायचा खालचा दांडा ओढला तशी आतली स्प्रिंग कुरकुरली.

तिथून सल्ले सुरू झाले. तिचा दीर ऑब्री म्हणाला, स्प्रिंग दमली असणार, हवा अडवणारा चामड्याचा वॉशर वाळला असणार, उघडून सगळं बदल. नॉरिसचं उलट. चालतंय ते उघडू नये. उघडलेली बंदूक पुन्हा धड बसलेली त्याने पाहिली नव्हती. बंदुकांचा दुकानदार म्हणाला, आणून द्या, नाताळनंतर बघू. ग्लेनिसला एवढंच हवं होतं की आधी परसात चार छर्रे मारून बघावेत. पण पाऊस हटेना.

त्यातच ऑब्री आला आणि ती स्वयंपाकघरात असताना त्याने बिजागऱ्यांचं तेल बंदुकीत ओतलं. वर स्वतःच सांगितलं.

"किती घातलंस?"

"थोडंसंच. चामडं मऊ होतं त्यानं."

"मी सांगितलं होतं तुला?"

"अगं, तू ठरवेपर्यंत स्पर्धा संपतील."

रॉयच्या आजारपणातही असंच झालं होतं. पलंग कुठे हलवायचा, डॉक्टर कोणता, सगळं ऑब्रीने ठरवलं आणि तिने मान डोलावली.

मंगळवारी दुसरी बंदूक नव्हती, म्हणून तीच घेऊन ती गेली. पहिल्याच बाराला आतलं तेल पेटून खोली दणाणली, नळीतून निळा धूर निघाला आणि छर्रा पाटीच्या कडेला आपटला.

"ग्लेनिस, घंटा वाजवायची आहे, चर्च पाडायचं नाही," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. दुसऱ्या बाराला आत काहीतरी कट्‌कन तुटलं आणि दांडा हातात लुळा पडला. नॉरिसने आपली बंदूक दिली, पण ती तिच्या खांद्याला जड. संघ हरला.

ऑब्री म्हणाला, बघ, स्प्रिंग बदल म्हणत होतो. नॉरिस म्हणाला, बघ, हात लावू नको म्हणत होतो. दोघंही खरे ठरले होते, आणि याचाच तिला जास्त संताप आला.

रविवारी तिने बंदूक घट्ट धरायला शिकंजा आणून टेबलाला आवळला. ऑब्री मदतीला पुढे झाला.

"तू तिकडे बस," ती म्हणाली. "हात लावलास तर घरी जायचं."

तिने एकटीने बंदूक उघडली. स्प्रिंगचे दोन तुकडे झाले होते, जुनं ग्रीस मेणासारखं थिजलेलं. वॉशर मात्र मऊ आणि अखंड. तो पहिल्यापासून तसाच होता की तेलाने मऊ झाला, हे आता कळायला मार्ग नव्हता. ती तो कितीतरी वेळ बोटांत दाबत राहिली.

सोमवारी तिने नवी स्प्रिंग मागवली. वॉशर जुनाच ठेवायचं ठरवलं आणि नॉरिसला निरोप धाडला, या हंगामापुरता दुसरा कुणी बघ, मी आधी परसात चार छर्रे मारून बघणार आहे.