पत्र्यावरच्या गारा

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी भिवंडीजवळच्या आमच्या पूर्णा गावात गारा पडल्या. आवाज एवढा होता की आई शेजारी उभी राहून काय म्हणत होती, ते मला तिच्या ओठांवरून ओळखावं लागलं. आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना गोडाऊनं आहेत आणि त्यांची पत्र्याची छपरं शेतांएवढी लांबरुंद आहेत.

बाबा त्यातल्याच एका गोडाऊनच्या गेटवर वॉचमन आहेत. संध्याकाळी ते मोबाईल पुढे धरूनच घरात शिरले. फोटोत त्यांच्या तळहातावर गार होती आणि शेजारी गेटचं कुलूप. “बघ, केवढी हाय!” तोवर त्यांनी तो गावच्या ग्रुपवर टाकलाही होता आणि त्याखाली मेसेज फिरत होता की, पूर्ण्याने गारांचा रेकॉर्ड मोडला. कोणता रेकॉर्ड, ते कुणी लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगून टाकलं, “माझी पोरगी भूगोल शिकते. ती कॉलेजात बोलनार हाय आपल्या रेकॉर्डवर.”

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. हजेरी सोडली तर वर्गात माझा आवाज निघत नाही. पण बाबा बोलून बसले होते, म्हणून मी भूगोलाच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “जरूर बोल. फक्त आधीचा रेकॉर्ड काय होता, ते शोधून आण.”

एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

पावसाची नोंद होते त्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली आणि नीट समजावून सांगितलं की, गारा वितळून जे पाणी होतं तेवढंच तिथे मोजतात. गार केवढी होती, याची नोंद होत नाही.

मग माणसांना विचारायचं ठरवलं. गावात ज्याला विचारावं तो हेच सांगे, “असला आवाज जन्मात आयकला न्हाय.” भिवंडीत माझा मावसभाऊ लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला आहे. त्याच्याकडे गेले. त्याने शेजारच्या कारागिराला हाक मारून गारांचं विचारलं, “भाई, अपने यहाँ ओले गिरे थे क्या?” तो हसला. “गिरे होंगे. लूम चालू हो तो आसमान भी गिर जाए, पता नहीं चलता.” कारखान्याबाहेरच्या चहावाल्याने मात्र अंगठ्याला बोट जुळवून गोल करून दाखवला. त्याच दुपारी पडल्या होत्या, बोराएवढ्या.

परत येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं, मी गावात सगळ्यांना आकार विचारत होते आणि सगळे मला आवाज सांगत होते. तशीच वाट वाकडी करून शेलार गावात आत्याच्या सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “आमच्या येळेला गारांनी कौलं फुटली व्हती. पन आवाज येवढा न्हाय व्हता.”

दुसऱ्या दिवशी कंपासपेटीतली पट्टी घेऊन मी बाबांच्या गेटवर गेले. फोटोतलं तेच कुलूप बाबांनी धरलं, मी मोजलं, आणि त्यावरून फोटोतली गार मोजली. फोटो जवळून काढल्यामुळे ती लिंबाएवढी दिसत होती. भरली बोराएवढीच.

“म्हंजे रेकॉर्ड न्हाय?” बाबांनी विचारलं.

“तसंही म्हणता येत नाही, बाबा. आधीच्या कुणी मोजल्याच नाहीत. पण आवाज पत्र्याचा होता. एवढे पत्रे आपल्याकडे पूर्वी होते कुठे?”

ते छपराकडे बघत राहिले. मला हीच भीती होती. त्यांनी चारचौघांत अभिमानाने सांगितलेलं मी खोटं पाडत होते. मी म्हटलं, “तू म्हणशील तर दुसरा विषय घेते.”

“दुसरा कशाला?” ते म्हणाले. “चल माझ्यासंगं.”

टपरीवर नेहमीची मंडळी होती. मी मागे उभी राहिले. एकाने लगेच विचारलं, “काय, आला का पेपरात पोरीचा रेकॉर्ड?”

“रेकॉर्ड म्हनता येत न्हाय,” बाबा म्हणाले. “पत्र्यानं फसवलं आपल्याला. मीच सांगत फिरलो, म्हनून मीच सांगायला आलो.”

“म्हंजे पोरीला जमलं न्हाय म्हन की!”

“जमलं म्हनून तर समजलं.”

सगळे हसले. “मंग ग्रुपवर टाकलंस त्याचं काय?” दुसऱ्याने टोचलं. बाबांना टाइप करायला वेळ लागतो. त्यांनी तिथेच मोबाईल तोंडाशी धरला आणि सगळ्यांदेखत व्हॉइस मेसेज पाठवला. आपण ऐकला तो आवाज पत्र्याचा, गार बोराएवढी, कुणाला मोठी गार ठाऊक असेल तर कळवा. चेहरा थोडा लाल झाला होता, पण मेसेज त्यांनी पुरा केला. मग माझ्यासाठी चहा सांगितला. त्या टपरीवर मी पहिल्यांदाच चहा प्याले.

कॉलेजात माझी पाळी आली तेव्हा मी फळ्यासमोर जाऊन उभी राहिले. मी पहिलंच वाक्य म्हटलं, “आमच्या गावात गारांचा रेकॉर्ड मोडला की नाही, हे मला माहीत नाही.” मागून कुणीतरी हसलं. मला टपरीवरचे बाबा आठवले आणि मी पुढे बोलत गेले. शेवटी मॅडम म्हणाल्या, “निदान एक गार तरी आता मोजलेली आहे. पुढच्याला इथून सुरुवात करता येईल.”

हे मी घरी सांगितलं. बाबांनी मॅडमचं वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं. परीक्षेच्या वेळी मला पट्टी सापडेना, तेव्हा आईने सांगितलं, ती बाबांच्या गेटवरच्या केबिनमध्ये आहे, कुलपाच्या किल्लीशेजारी खिळ्याला टांगलेली. मी दुसरी विकत घेतली.