मुळशीची कोरी कॅसेट

लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबायचं होतं. मी फक्त शेजारचं दाबलं.

कॅसेट पंधरा मिनिटं फिरत राहिली. समोर शिरीन फारसीत मनापासून बोलत होती आणि मी, ज्याला फारसीचं अक्षर कळत नाही, अधूनमधून मान डोलवत होतो. कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवतो, हे इथेच सांगून टाकतो. नंतर कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. चूक उघडकीला आली ती रात्री पुण्यात, बायकोला कौतुकाने कॅसेट ऐकवताना. नुसती खरखर. "ही कुठली भाषा म्हणायची?" बायकोने विचारलं.

मुळशी धरणाच्या पाण्यापलीकडे सुमतीबाई राहत. बायकोच्या जुन्या मुख्याध्यापिका. निवृत्तीनंतर त्यांनी एका जुन्या बंगल्यात सात-आठ निर्वासित मुलामुलींची शाळा मांडली होती; काही तिबेटी, काही अफगाण. या मुलांकडे शाळा सोडल्याचा दाखला नसे, आणि दाखल्याशिवाय आपल्याकडे दहावीचा फॉर्म भरता येत नाही. म्हणून बाईंनी खटपट करून एक परदेशी बोर्ड शोधलं. ते दाखला मागत नसे, फक्त परीक्षा घेई, आणि त्याचं प्रमाणपत्र जगात कुठेही चाले. सतरा वर्षांच्या अफगाण शिरीनचे पाच विषय झाले होते. सहावा तिची मातृभाषा. तिची तोंडी परीक्षा कॅसेटवर भरून विमानटपालाने पाठवायची, आणि त्या वेळी शाळेबाहेरचा एक जबाबदार माणूस हजर हवा. सहावा विषय नाही तर प्रमाणपत्र नाही. पाकीट टपालात पडायची शेवटची तारीख उद्याची होती.

जबाबदार माणूस म्हणजे मी.

पहाटेची एसटी धरली. मे महिन्यातले दिवस, भूगावपर्यंत हवा गार लागली, पिरंगुटच्या पुढे उन्हाने डोकं वर काढलं. शेजारी कोंबड्यांची पाटी घेतलेल्या मावशी होत्या. माझ्या मांडीवरच्या टेपरेकॉर्डरकडे बघून त्या म्हणाल्या, "गानी लावा की." मी म्हटलं, बिघडलाय. खोटं बोलायला सुरुवात झाली होती.

पौडला उतरून शफीभाईंच्या दुकानात सेल घेतले. हे गृहस्थ घड्याळापासून घमेल्यापर्यंत सगळं विकत.

"सर, कालच चार नेले की. खाल्ले काय?"

मी झाला प्रकार सांगितला. शफीभाईंनी टेपरेकॉर्डर माझ्या हातातून काढून घेतला, दोन्ही बटणं एकदम दाबून दाखवली आणि मग मला दाबायला लावली. एकदा नव्हे, तीनदा. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपलं काम सोडून बघत होती.

"आता जमंल," ते म्हणाले. "आमची धाकटी करती, ती बालवाडीत हाय."

पुढच्या गाडीने मुळशी गाठली. काठावर धोंडूतात्यांची होडी होती. उन्हाळ्यात पाणी खूप मागे सरतं, आणि तळाशी गेलेल्या गावांची जोती (घरांचे दगडी पाये) उघडी पडतात. तात्यांनी वल्हं मारता मारता हनुवटीने एक ठिकाण दाखवलं.

"त्यो चौथरा आमचा. मी पाच वर्साचा व्हतो धरान झालं तवा. दर उन्हाळ्यात वर येतो, आन् मी जाऊन बसतो घटकाभर."

मी विचारलं, "काही सापडतं का तिथे?"

"व्हय तर. चिखुल."

बंगल्याच्या अंगणात शिरीन परातीत करवंदं निवडत होती. मला बघून उठली, हसली. दोन वर्षांत ती मराठी शिकली होती, पण बाईंकडून नव्हे. स्वयंपाकाच्या मावशी आणि तात्या हे तिचे गुरू. वाटेत मी तीन-चार वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना. शेवटी नुसती कॅसेट पुढे केली आणि म्हणालो, "यात काही नाही."

तिने कॅसेट उलटसुलट करून पाहिली.

"मंग काल पंधरा मिनिटं मी कुनासंगं बोलत व्हते?"

सुमतीबाई दारात आल्या होत्या. त्यांनी मला फक्त एकदा पाहिलं. माझ्या बायकोला शाळेत त्यांची भीती का वाटायची ते त्या एका नजरेत समजलं. मग म्हणाल्या, "बोलायच्या विषयांच्या चिठ्ठ्यांचा दुसरा संच आहे. लेखी कारण दिलं तर परीक्षा परत घेता येते. आधी जेवा. उपाशीपोटी तुम्ही आणखी काही कराल."

आंबेमोहोराचा भात, तलावातल्या मासळीचं कालवण आणि नाचणीची भाकरी. शिरीनने माझ्या पानात दुसऱ्यांदा भात वाढला, न विचारता. रागावली असती तर बरं झालं असतं.

जेवणानंतर मी कारणाचा फॉर्म भरायला बसलो. 'यंत्रात अचानक बिघाड' असं झोकात लिहायला घेतलं. शिरीन टेबलापलीकडे उभी राहून उलटं वाचत होती.

"बिगाड झाला व्हता?"

"म्हणजे... तसंच म्हणायचं. बोर्डाला कशाला सगळं—"

"सर, या कागदावर माझी जन्मतारीक बी अंदाजानं हाय. छावनीतल्या कारकुनानं टाकली. गावाचं नाव त्यानं चुकिवलं, बापाचं अर्धंच लिवलं." ती थांबली. "तुमची चूक तरी खरी लिवा."

मी ती ओळ खोडली. खाली लिहिलं: पर्यवेक्षकाने बटण दाबले नाही. सही केली. आयुष्यात इतकी सरळ सही मी क्वचितच केली असेल.

मग बैठक बसली. बटणांवर माझी दोन बोटं, त्यांच्यावर बाईंचे डोळे. लाल दिवा लागला. शिरीनने दुसऱ्या संचाचं पाकीट फोडून चिठ्ठ्या पाहिल्या, एक निवडली, डोळे मिटले आणि बोलू लागली. आदल्या दिवशी ती पाठ केल्यासारखी घडाघडा बोलली होती, एवढं मलाही आठवत होतं. आज ती थांबत होती, शब्द शोधत होती. बाहेर ओट्यावर तात्या खोकले तेव्हा किंचित हसलीही. ती कुठल्या जागेबद्दल बोलत होती कुणास ठाऊक, मला त्या सगळ्यात दोनच शब्द ओळखता आले: एक 'काबुल', आणि एक 'तात्या'.

दोन्ही शब्द तिने सारख्याच आवाजात उच्चारले.

कॅसेट मागे फिरवून ऐकली. तिचा आवाज आला तेव्हा मी खाली मान घालून चष्मा पुसत बसलो. कॅसेटचं पाकीट तिच्या समोरच लाखेने बंद केलं. मी ते पिशवीत टाकणार, एवढ्यात तिने ते उचललं.

"मी येते पुन्याला. खाला, जाऊ?" खाला म्हणजे मावशी; बाईंना ती तसंच म्हणे.

बाई म्हणाल्या, "जाच. मीही येते."

परतीच्या एसटीत दोघींच्या मध्ये ते पाकीट आणि मागच्या बाकावर मी. टपाल कचेरीची खिडकी बंद व्हायला थोडाच वेळ होता. कारकुनाने शिक्का हाणला. शिरीनने पावती मागून घेतली आणि स्वतःच्या ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली.

घरी आल्यावर वाटलं, मी इतकी वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिकांवर आकडे टाकतोय. पण एका कागदावर आपलं नाव नीट लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी कुणी परीक्षा देतं, हे मला मुळशीला जाईपर्यंत माहीत नव्हतं.

श्रावणात दोघी आमच्या दारात उभ्या राहिल्या. शिरीन पास झाली होती, साही विषयांत. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून प्रमाणपत्र काढून बायकोच्या हातात दिलं. बायकोने नाव मोठ्याने वाचलं. पूर्ण नाव, बापाचंही पूर्ण. आठवडाभर शपथपत्रं करून बाईंनी ते दुरुस्त करून घेतलं होतं. बायकोचे डोळे भरून आले, माझेही आले असावेत, आणि मी हात पुढे केला.

शिरीनने प्रमाणपत्र चटकन काढून घेतलं.

"तुमी न्हाई, सर. तुमी लांबनंच बगा."