कोपऱ्यातलं मशीन

सरांनी की-बोर्ड उचलला आणि नाकाजवळ नेला.

अख्खा वर्ग बघत होता. तीस-बत्तीस मुलं, सोळा कॉम्प्युटर, दाराबाहेर चपलांचा ढीग. सरांनी वास घेतला, की-बोर्ड खाली ठेवला आणि विचारलं, ‘‘सकाळच्या तासाला इथे कोण बसलं होतं?’’

उत्तराची गरजच नव्हती. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मी तोंडवलीची. बाप होडीवर. आई तालुक्याच्या बाजारात मासे विकायची. पहिल्या एसटीने आम्ही दोघी निघायचो. मी माशांची पाटी उतरवायची, बांगड्याचे वाटे लावून द्यायची, नळावर हात धुवायची आणि तशीच कॉलेजला जायची. साबण दप्तरातच असायचा. तीन-तीनदा हात धुवायची. नखांच्या कडा लिंबाने घासायची. तरी सरांच्या नाकाला सापडलेच.

सरांनी शिपायाला स्पिरिट आणि कापूस आणायला लावला. माझ्यासमोर एकेक बटण पुसून घेतलं. खोली बंद असते, एसी चालू असतो, वास कोंडतो, असं सगळ्यांना समजावून सांगितलं. आवाज जराही चढला नाही. मग मला म्हणाले, ‘‘तू यापुढे त्या कोपऱ्यातल्या मशीनवर बसायचं.’’

मी उठले आणि जाऊन बसले. एक शब्द बोलले नाही. हे लिहायला आजही जड जातं.

सरांचं घर मोठं. हापूसची कलमं, देवळात पहिला मान. दर बुधवारी सर स्वतः बाजारात यायचे. सुरमई घ्यायची तर आमच्या आईकडूनच, तिची ताजी असते म्हणून. त्यांच्या ताटाला आमचा वास चालत होता.

कोपऱ्यातलं मशीन जुनं होतं. पत्रा गंजलेला, पडदा थरथरणारा. बाकीच्या मशीनवर एक तयार निळा पडदा होता. तिथेच प्रोग्रॅम लिहायचा, तिथेच एक बटण दाबून तपासायचा, दुसरं दाबून चालवायचा. माझ्याकडे तो नव्हता. माझ्याकडे होता नुसता लिहायचा एक साधा एडिटर, कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचा. आणि लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर वेगळाच, दुसऱ्या कुठल्या फोल्डरात पडलेला. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. मी प्रोग्रॅम लिहायची आणि तो नुसता लिहिलेलाच राहायचा.

जर्नलमध्ये आउटपुटची जागा रिकामी. तिथे सरांचा लाल शेरा, प्रोग्रॅम चालवलेला नाही. सात प्रयोग झाले. सात शेरे.

शेवटी विचारायला गेले. या मशीनवर प्रोग्रॅम चालवायचा कसा? सरांनी मान वर केली नाही. ‘‘तुला टायपिंग आलं तरी पुष्कळ झालं,’’ म्हणाले. ‘‘कुठेतरी दुकानात बिलं करायला चिकटशील.’’

त्या दिवशी एसटीत मला रडू आलं नाही. राग आला. पहिल्यांदाच.

एडिटरमध्येच मदतीची पानं होती. सगळी इंग्रजीत. दुपारच्या सुट्टीत मुलं खाली वडापाव खायला गेली की मी ती वहीत उतरवून घ्यायची आणि घरी डिक्शनरी घेऊन बसायची. हळूहळू एवढं कळलं, की एडिटरला शिकवता येतं. हे बटण दाबलं की त्या फोल्डरातल्या कंपायलरला हाक मार, उघडी असलेली फाइल त्याला दे, आणि तो काय म्हणतो ते खालच्या चौकटीत दाखव.

शिकवलं. बटण दाबलं. ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम.’

पत्ता पुन्हा लिहिला. पुन्हा तेच. दोन आठवडे तेच. मग लक्षात आलं, फोल्डरच्या नावात दोन शब्द होते, मध्ये मोकळी जागा. मशीन पहिला शब्द वाचून थांबत होतं. अख्खा पत्ता अवतरणचिन्हांत घातला. कंपाइल झालं. पण चालवलं की काळी खिडकी उघडायची आणि लगेच मिटायची. उत्तर येत होतं आणि मला दिसत नव्हतं. ती खिडकी थांबवून धरायची आज्ञा शोधायला आणखी चार दिवस गेले.

एका शनिवारी खिडकी उघडली आणि उघडीच राहिली. एक ते दहा आकड्यांची बेरीज. पंचावन्न.

शेजारी सांगायला कुणी नव्हतं. माझ्या शेजारी कुणी बसतच नसे. धावत बाजारात गेले आणि आईला सांगितलं, की मी त्या मशीनला शिकवलं, आता ते माझं ऐकतं. आई पापलेटांवर बर्फ घालत होती. हात न थांबवता तिने विचारलं, ‘‘मगे आता तुका फुडे बसयतले?’’

‘‘नाय,’’ मी म्हटलं.

ती पाटीकडे वळली. गिऱ्हाईक आलं होतं.

दुसऱ्या वर्षी कॉलेजात तपासणी समिती येणार असं ठरलं. तो निळा पडदा विकत घेतलेला नव्हता, कुणाकडून तरी कॉपी करून आणलेला. समिती परवाने बघेल या भीतीने सरांनी तो सगळ्या मशीनवरून काढून टाकला. मग फुकटचा एडिटर आणि कंपायलर जोडायला बसले. जोडता येईना. माझ्या जर्नलमध्ये मात्र आता आउटपुट यायला लागलं होतं. शिपाई मला वर्गातून बोलवायला आला.

‘‘जरा बघ,’’ एवढंच सर म्हणाले.

दोन दिवस मी बाकीच्या पंधराही मशीनवर बसले. प्रत्येक की-बोर्डावरून माझी बोटं फिरली. त्या दोन दिवसांत कुणाला वास आला नाही. पुढच्या मुलांना अडू नये म्हणून सगळ्या पायऱ्या मराठीत लिहून एक कागद केला. सरांनी तो टाइप करून घेतला, खाली स्वतःचं नाव घातलं आणि भिंतीवर लावला. आणि मला म्हणाले, उद्या येऊ नकोस. बाहेरची माणसं येणार आहेत. तू बाजारातून थेट येतेस.

आईला सांगितलं. ती दोनच वाक्यं बोलली. ‘‘तू केलंस मा? मगे जा.’’

गेले. त्या दिवशी हात एकदाच धुतले. सगळे धुतात तसे. आणि पहिल्या रांगेत बसले.

समितीतले एक गृहस्थ माझ्या मशीनपाशी थांबले. एडिटर आणि कंपायलरची जोडणी चांगली आहे, कुणी केली, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, मीच. मग सरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘ही साफसफाईला असते.’’

मी उभी राहिले.

‘‘मी इथली विद्यार्थिनी आहे. सगळी मशीनं मी जोडलीत. भिंतीवरचा कागद माझा आहे. आणि मला वर्षभर कोपऱ्यात बसवलं, कारण माझी आई मासे विकते.’’

गृहस्थांनी घड्याळ बघितलं. कॉलेजची अंतर्गत बाब आहे, म्हणाले, आणि पुढच्या खोलीत गेले. तिथे त्यांच्यासाठी शहाळी फोडून ठेवली होती. अहवालात लॅबचं कौतुक आलं.

तिसऱ्या दिवशी सरांनी कॉलेजच्या शिक्क्याचा एक कागद माझ्यापुढे सरकवला. मी खोटं बोलले, बाहेरच्यांसमोर कॉलेजची बदनामी केली, माफी मागते. खाली सहीची जागा. सही कर, नाहीतर प्रॅक्टिकलचे अंतर्गत गुण विसर. मला ते गुण हवे होते. पहिला वर्ग त्यांच्यावरच अडला होता. सरांना हे माहीत होतं.

त्या इमारतीत मी कायम शुद्ध बोलायची. जपून, चाचपून. त्या दिवशी घरची भाषा आपोआप आली.

‘‘मी सही करूचंय नाय. मी खोटा बोलूक नाय.’’

वीसपैकी चार गुण मिळाले. पहिला वर्ग गेला. ज्या नोकरीवर माझा डोळा होता तिथे अर्जच घेतला नाही. पुढची तीन वर्षं मी खरोखरच एका दुकानात बिलं केली. मग दुसरं काम मिळालं, मग तिसरं. आज मी प्रोग्रॅम लिहून पोट भरते. याला कुणी गोड शेवट म्हणू नये. ती तीन वर्षं माझी होती आणि ती घेतली गेली.

सर आता निवृत्त झालेत, वय झालंय, सोडून दे, असं गावातले लोक सांगतात. सरांचं वय झालं, तसं माझंही होतंय.

दर जूनमध्ये मी कॉलेजला एक पत्र पाठवते. माझं पूर्ण नाव, परीक्षेचं वर्ष, चार गुण कशावरून दिले याची विचारणा. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. पाच पावत्या जमल्यात, उत्तर एकही नाही. सर जिवंत असोत वा नसोत, पत्र जाणार. माफीच्या कागदावर शिक्का कॉलेजचा होता. उत्तर कॉलेजनेच द्यायचं आहे, आणि ते घेतल्याशिवाय मी थांबणार नाही.