साडभाऊंनी बसवलेला काटा

माझ्या व्याह्यांनी मला गाडीत फसवलं, आणि ती फसवणूक मला कळू न देऊन माझ्या साडूंनी मला पुन्हा फसवलं. व्याह्यांचं मी पाहून घेईन. साडूंचं काय करावं ते मात्र मला अजून सुचत नाही. कारण त्यांच्याइतका संशयी माणूस साऱ्या नागपुरात दुसरा नव्हता, आणि मी जन्मात डोळे मिटून विश्वास ठेवला तो त्यांच्यावरच.

मी गांधीबागेत कापडाचं गाठोडं डोक्यावर घेऊन फिरलो आणि मग तिथेच स्वतःचं दुकान टाकलं. समोरचा माणूस भाव सांगतो तेव्हा मी त्याचे ओठ नाही, डोळे पाहतो. पण साडभाऊंपुढे मी म्हणजे अगदी भोळा सांब. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मूळ नागपूरजवळच्या कुहीचे आणि कापडाच्या गिरणीत बॉयलरवर होते. ते भाजी घ्यायला निघाले की खिशात स्वतःचं पितळी वजन असायचं. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा चहा घेण्याआधी त्यांनी माझा मीटर स्वतःच्या टेपने मोजून पाहिला. "राग नका मानू, साडभाऊ," म्हणाले, "आपल्याच माणसाचा मीटर पाहिला नाही त लोकायचा कोणत्या तोंडानं पाहू?" एकदा तापाने फणफणले असताना नर्सने थर्मामीटर पुढे केला, तर यांनी तो आधी तिलाच काखेत धरायला लावला. तिचा ताप साधारण निघाला, तेव्हा कुठे यांनी तोंड उघडलं.

या संशयाला कारण होतं. तरुणपणी गिरणीत एकदा बॉयलरच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा जागच्या जागी शांत उभा होता आणि साडभाऊंनी मात्र नुसत्या आवाजावरून आग विझवली होती. वरचे साहेब खवळले. मग पाहतात तर घड्याळाकडे जाणारी नळी गाळाने बुजलेली. आणखी थोडा वेळ गेला असता तर छपरासकट सगळे उडाले असते. तेव्हापासून ते लांब दांड्याचा पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, यंत्राला टेकवून दुसरं टोक कानाला लावत आणि मगच बोलत. माझ्या घरचा फ्रिज, पाण्याचा पंप, बायकोचा कुकर, सगळं त्यांनी असं ऐकलेलं. "काट्याच्या मांगं नळी असते," ते म्हणत, "अन् नळीच्या मांगं माणूस असते. पयले माणूस पाहा."

ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझ्या मुलीचा साखरपुडा झाला होता. मुलाचे वडील आखाती देशात नोकरी करून परतले होते आणि येताना एक जपानी गाडी घेऊन आले होते. ती मी त्यांच्याकडून विकत घेतली. घासाघीस करायला गेलो की ते बोनेटवर हात ठेवून म्हणायचे, "अहो, हिच्यात टर्बो आहे. इंजिनात हवा कोंबतो. जोर दुप्पट!" तो दुप्पट जोर मी सेमिनरी हिल्सच्या चढावर पाहिला. शेजारच्या वकिलांची म्हातारी अँबेसिडर मला मागे टाकून, वर हॉर्न वाजवून गेली.

माझं डोकं फिरलं. टर्बो चालतो की नाही हे हवेच्या दाबावरून सांगणारं घड्याळ त्या गाडीत नव्हतंच. ते वेगळं बसवता येतं असं कळल्यावर मी साडभाऊंना बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "काटा हलला नाही तर व्याही खोटा. आणि खोट्या माणसाच्या घरात मी पोरगी देणार नाही."

बायको म्हणाली, "अहो, गाडीपायी पोरीचं लग्न मोडता काय?"

"गाडीत खोटं बोलते तो उद्या कशातही बोलंल!" मी ओरडलो. मुलगी चहाचा ट्रे घेऊन गाडीपाशी उभी होती. ती कप पुढे करायचे विसरली. चहावर साय धरली.

साडभाऊंनी बोनेट उघडलं, पेचकस कानाला लावला आणि बराच वेळ ऐकलं. मग त्यांनी पोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"साडभाऊ, तुमाले काय पाहाचं हाय? टर्बो का व्याही?"

"दोन्ही!"

"मंग घरात जाऊन बसा. तुमच्या आवाजानं मले काईच आयकू येऊन नाही राहिलं."

तासाभराने त्यांनी हाक मारली. भंगारातून आणलेलं घड्याळ डॅशबोर्डवर बसलं होतं, तांब्याची बारीक नळी आत गेली होती. घड्याळावरचे आकडे मात्र घासून काढलेले. मी विचारलं, "हे काहून?"

"आकडे पाहून माणूस फसते. काटा उठते का, तेवढं पाहा."

मी ॲक्सिलरेटर दाबला. काटा झोकात वर चढला, पाय काढला तसा खाली आला. महिन्याभरात लग्न लागलं.

संशय माझ्याही रक्तात आहे. पुढे मी त्यांना विचारलंच, की सकाळी गाडी सुरू केली की हा काटा उभ्या जागी इतका वर कसा जातो? ते लगेच म्हणाले, "सकायची हवा थंडी. थंडी हवा जड. जड हवेचा जोर जास्त." मला पटलं. ती गाडी मी पुढे कितीतरी वर्षं त्या काट्याकडे बघत ऐटीत चालवली, आणि चढावर कोणी पुढे गेलं तर दोष पेट्रोलला दिला.

गेल्या उन्हाळ्यात साडभाऊ गेले. पावसाळ्यानंतर एके दिवशी डॅशबोर्डखालून माझ्या पांढऱ्या धोतरावर काळं तेल ठिबकलं. मिस्त्रीने खाली वाकून पाहिलं आणि हसायलाच लागला. "शेठ, हवेच्या घड्याळात तेल कुठून येणार? याची नळी टर्बोवर हायेच नाही. इंजिनाच्या तेलावर जोडली हाय. इंजिन पळवा, तेलाचा दाब वाढते, काटा चढते. अन् तुमचा टर्बो? त्याचं चाक गंजून जाम हाय. हे आजचं नाही, शेठ. पयल्यापासूनचं."

मी तसाच, तेलकट धोतरानिशी, कुहीला गेलो. मेहुणीने मला पाहिलं, धोतर पाहिलं आणि न विचारता चूल पेटवली.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी गरजलो.

"त्यायनं सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "एक दिवस साडभाऊ भांडाले येतीन, धोतराले तेल लागलं असंल. त्यायले पयले चहा दे म्हणे."

मी चहा घेतला. भांडायचं होतं, पण ज्याच्याशी भांडायचं तो घरात नव्हता. खुंटीला त्यांचा पेचकस टांगलेला होता. मी तो मेहुणीकडून मागून आणला.

आता दिवाळीत मुलगी येते, जावई येतो. नात माझ्या मांडीवर बसून डॅशबोर्डवरच्या घड्याळावर टकटक करते आणि विचारते, "आजोबा, काटा काहून हलत नाही?" नळी मी काढून टाकली आहे, घड्याळ काढवत नाही. व्याही शेजारी बसून खिडकीबाहेर पाहतात.

साडभाऊ, आयुष्यभर तुम्ही कोणत्याही काट्यावर विश्वास ठेवला नाही, आणि एकच काटा स्वतःच्या हाताने खोटा बोलायला शिकवला, तोही माझ्यासाठी. नळीच्या मागचा माणूस पाहायला तुम्हीच मला सांगायचे. पण त्या नळीच्या मागे तुम्ही होता, म्हणून मी पाहिलंच नाही. ही फसवणूक मी सोडणार नाही. तुम्ही मला विचारायला हवं होतं, साडभाऊ. काहून नाही विचारलं? पोरीने उद्या हे सगळं विचारलं तर तिला उत्तर मी देईन, व्याह्यांना जाब मी विचारीन. पण याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. पेचकस कानाला लावून मी बसलो आहे. बोला.