वडिलांच्या मापाची नळी
शिंप्यानं पोटाभोवती टेप धरली की मला वडिलांचं दुखणं आठवतं. त्यांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. तिच्या आत बसवायची नळी डॉक्टर इथेच, हैदराबादेत, त्यांच्या मापानं करवून घेणार होते. तारेच्या कड्यांवर कापड हातानं शिवून. वडील खूश होते. "जन्मभर अफझलगंजच्या दर्जीनं शिवलेलंच घातलं, हेही मापाचंच," म्हणाले. पण बाजारात तेव्हा नुकता परदेशी माल येऊ लागला होता, आणि माझ्या अंगात तेच वारं. "हातशिलाई चालणार नाही, इम्पोर्टेडच पाहिजे," मी डॉक्टरांना ठणकावलं. "यायला वेळ लागेल, आणि फुगा कधीही फुटेल," ते म्हणाले. तरी मी नळी परदेशातूनच मागवायला लावली. बाहेरचं खोकं यायच्या आतच वडील अंघोळीला गेले आणि तिथेच कोसळले. तेराव्यानंतर फाइल आणायला गेलो, तर डॉक्टरांनी माझ्यापुढे एक डबी ठेवली. "तुमचं मन वळेल म्हणून नळी करून ठेवली होती." मी कसंबसं म्हटलं, "दुसऱ्या कुणाला वापरा." "दुसऱ्या कुणाला ती बसणार नाही," ते म्हणाले. डबी अजून माझ्या कपाटात आहे. परवा मुलानं ती उघडली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि कौतुकानं विचारलं, "कित्ता बारीक काम है बाबा, इम्पोर्टेड है क्या?"