ममी गुरुजींना रामनगरला जायचं होतं

सकाळभर घाटावर लोकांचे दहावे-बारावे करणारे गुरुजी संध्याकाळी साडेपाचला कार्टून बघायला बसत. तेसुद्धा मांडी घालून, उपरणं सावरून, पुराणाला बसावं तसे. दारात यजमान आला तर "सहानंतर या, सध्या मी मिसर देशात आहे," असं खुशाल सांगत. काशीतल्या भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं नाव ममी गुरुजी पडलं ते यामुळे, आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नसे.

कार्टून खरं तर आमचं, म्हणजे माझं आणि त्यांच्या मुकुंदाचं. मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, एक लहानगा राजकुमार दगाफटक्यानं मरतो आणि हजारो वर्षांनी उंच इमारतींच्या कुठल्याशा शहरात पुन्हा जन्माला येतो. तो जन्मला की वाळवंटातल्या थडग्यात त्याचा म्हातारा सेनापती पट्ट्या झटकत उठतो, ससाण्याचा सोनेरी मुखवटा चढवतो आणि त्याला राखायला धावतो. पुढे नुसती हाणामारी. "राजकुमार, मैं जाग गया हूँ," असं तो घोगऱ्या आवाजात म्हणाला की आमच्या अंगावर काटा यायचा. अजूनही मी मोबाइलवर ते वेड्यासारखा शोधत असतो. इंग्रजीतलं सापडतं, हिंदीतलं नाही. इंग्रजी बोलणारा सेनापती मला कुणी तिऱ्हाईत वाटतो.

गुरुजींना मारामारीत रस नव्हता. त्यांना तिथल्या अंत्यविधीचा राग यायचा. "एवढं गुंडाळून ठेवल्यावर जीव बाहेर पडणार कुठून?" कोल्ह्याच्या तोंडाचा देव मेलेल्याचं काळीज तराजूत घालू लागला की म्हणत, "हा आपल्या चित्रगुप्ताचाच कोणी भाऊबंद दिसतो. पण बिचाऱ्यांना काशी नव्हती. काशी असती तर परत येण्याची ही सगळी झंझटच नसती."

"बाबा, तो परत नाही आला तर कार्टून कसं चालेल?" मुकुंदा विचारायचा.

"चालू नये. सुटलेला माणूस परत येत नसतो," गुरुजी म्हणत, आणि पुढच्या भागाला पुन्हा सगळ्यांच्या आधी बसलेले असत.

ऐन मोक्याला बत्ती गेली की उरलेली गोष्ट तेच पुरी करत. जुन्या धोतराच्या चिंध्या अंगाला गुंडाळायच्या, तोंडासमोर ताम्हण धरायचं आणि अंधारात मुकुंदाच्या मागे धावायचं. काकू ओरडायच्या, "अहो, देवाचं ताम्हण आहे ते." "मध्ये बोलू नकोस, पोरगा संकटात आहे," असं ताम्हणामागून उत्तर यायचं. माझे वडील कधी माझ्यामागे धावले नाहीत. मला त्या घरात मुकुंदाचा हेवा वाटायचा, तो आजही थोडा वाटतो.

मोठेपणी मी इथेच बँकेत लागलो आणि मुकुंदाला नदीपलीकडे रामनगरला नोकरी मिळाली. काशीत मेला तो सुटला आणि पलीकडच्या काठावर मेला तो गाढवाच्या जन्माला गेला, असं इकडे म्हणतात. गुरुजी हे यजमानांना हसवायला सांगत. स्वतः मात्र त्यांनी साठीनंतर काशी सोडायची नाही असं व्रत घेतलं होतं आणि पूल कधी ओलांडला नव्हता. दोन वर्षांपूर्वी मुकुंदाच्या छातीत दुखायला लागलं आणि तो कचेरीतल्या खुर्चीतच गेला. त्याला अलीकडे आणून मणिकर्णिकेवर दहन केलं. गल्लीतले लोक समजूत घालायला आले, "काशीचा अग्नी मिळाला, सुटला तो." ज्यांनी हेच वाक्य जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं, ते गुरुजी भडकले. "मला शिकवता? शंकर मरणाऱ्याच्या उजव्या कानात तारक मंत्र सांगतो. त्याला जिवंत कान लागतो. माझा पोरगा तिकडे मेला."

त्यानंतर ते घाटावर गेले नाहीत. एके दिवशी मला म्हणाले, "ते लाव रे आपलं." मी मोबाइलवर इंग्रजीतलं लावलं. आवाज बंद करून त्यांनी सेनापती उठतो तेवढंच तीनतीनदा बघितलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "म्हणजे मुकुंदा कुठे तरी पुन्हा आलाय. त्याला कोण राखत असेल?"

मी मोबाइल बंद करून खिशात घातला.

"मी इथे मेलो तर सुटेन. म्हणजे तो आणि मी पुन्हा कधीच नाही. मला रामनगरला ने. गाढव तर गाढव, पण त्याच्या जगात तरी असेन."

मी टाळत राहिलो, तेव्हा ते स्वतःच काठी टेकत मुन्शी घाटावर गेले आणि नावेत जाऊन बसले. नाववाल्यानं त्यांना हाताला धरून घरी आणून सोडलं. "मरे खातिर उस पार? हमसे ना होई, पंडितजी," म्हणाला. काकूंनी मला बाजूला घेतलं. "मुलगा गेला. ह्यांची तरी गती नीट होऊ दे. तू ह्यांना तिकडे नेलंस तर या घराची पायरी चढू नकोस." दोघंही मला आईबापांच्या जागी. कुणाचं ऐकलं तरी दुसऱ्याचा घात होता, आणि मी रोज "उद्या बघू" म्हणत होतो.

गेल्या मार्गशीर्षात एका दुपारी काकूंचा निरोप आला. गुरुजींना घरघर लागली होती. मंत्र ऐकू जावा म्हणून इथे मरणाऱ्याला उजवा कान वर राहील असं डाव्या कुशीवर निजवतात. काकूंनी तसं निजवलेलं होतं आणि गुरुजी उरल्यासुरल्या ताकदीनं उजवीकडे वळून तो कान उशीत खुपसायला बघत होते. आम्ही दोघांनी त्यांना पुन्हा डावीकडे वळवलं. मी बँकेत रोज माणसांना नाही म्हणतो, पण त्या खांद्याला जोर लावताना मला जेवढी माझी शरम वाटली तेवढी कधी वाटली नाही. काकू गंगाजळ आणायला आत गेल्या. गुरुजींची ताकद संपली होती. त्यांनी कसाबसा हात उचलला, उजव्या कानावर तळवा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"कान वर आहे ना रे?" काकूंनी आतून विचारलं.

"हो, काकू," मी म्हणालो, आणि गुरुजींचा तळवा घसरू नये म्हणून त्यावर माझा हात दाबून धरला.